तानपुरा लावताना

बारावीचा निकाल लागल्यावर मुक्ता म्हणाली होती, "मला संगीतातच पदवी घ्यायचीये." दोन आठवडे मी विषय टाळला. रविवारी सकाळी मात्र तिला कॉमर्सचं समजावायचंच, असं ठरवून तिच्या खोलीत गेलो.

ती तानपुरा लावत होती. तार छेडायची, कान द्यायची, खुंटी जराशी पिळायची, पुन्हा छेडायची. एरवी लिफ्टसाठीही न थांबणारी ही मुलगी. पण आज तिला कसलीच घाई नव्हती.

"लागला की आता," मी म्हणालो.

"नाही बाबा, पंचम उतरलाय. ऐक ना."

मी ऐकलं. मला आधीचा सूर आणि हा सूर सारखाच वाटला. ती मात्र त्या दोहोंमधल्या अंतरात केव्हाची रमली होती. जे मला ऐकूही येत नाही, त्याबद्दल मी निकाल द्यायला आलो होतो.

"काही सांगायचं होतं का?" तिने विचारलं.

"संगीताच्या फॉर्मवर पालकांची सही लागते ना? आण, करतो."

तिचा हात तारेवरच थांबला. ती हळूच म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतेय."

"मलाही," मी म्हणालो आणि तिच्या शेजारी सतरंजीवर बसलो.