लोकाच्या पोराचे निरोप

आमच्या पिठाच्या गिरणीत फोन आला तो गिरणीसाठी नव्हताच. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधीकाळी तांदळाचा ठोक धंदा करायचा बेत केला होता आणि त्या भरात फोनसाठी अर्ज टाकला होता. बेत कधीच विरला. अर्ज मात्र सरकारदरबारी जिवंत राहिला. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना एक दिवस दोन माणसं शिडी आणि वायरचं भेंडोळं घेऊन बेलवलीत आमच्या दारात उभी राहिली. नवसाने झालेल्या पोराचं करावं तसं आईने त्या फोनचं केलं. त्यात पीठ जाऊ नये म्हणून लाल कापडाचं झबलं शिवलं आणि देवाच्या फळीखालच्या फळीवर त्याला बसवलं.

आळीत दुसरा फोन नव्हता. त्यामुळे बघता बघता अर्ध्या बेलवलीचे निरोप आमच्याकडे यायला लागले. कुणाची बहीण बाळंत झाली, कुणाचा पाहुणा येतोय, सगळं आधी आम्हाला कळायचं. दुसरा कुणी वैतागला असता, पण आप्पांना त्याचा अभिमान होता. ते जुन्नरकडचे, तरुणपणी पोटासाठी इकडे आलेले. "निरोप म्हंजी ठेव असती. लोकाच्या पोराचं नुकसान नको व्हायला," असं म्हणून ते मला पळवायचे. पळायला मीच होतो. दळणाला ते, निरोपाला मी.

कॉलेजात आमची तिघांची जोडी होती. जोडी तिघांची नसते हे मलाही कळतं, पण सगळे तसंच म्हणायचे. एक मी. दुसरा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधला, त्याला आम्ही कॅम्पवालाच म्हणायचो. त्याचे वडील एका कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. तिसरा वांगणीचा, घरची भातशेती, बोलायला कमी आणि खायला जास्त. निकाल लागला, तिघंही सेकंड क्लासात पास झालो आणि त्या दिवशी कॉलेजच्या फाटकात शपथ घेतली की दर रविवारी भेटायचंच. कुठे भेटायचं? तर माझ्याकडे. कारण ते दोघं कुठेही जाऊ शकत होते आणि मी नव्हतो. रविवारी गिरणीला गर्दी असते.

मग दर रविवारी ते यायचे, धान्याच्या पोत्यांवर बसायचे आणि मी दळता दळता गप्पा मारायचो. गप्पा कसल्या, आरडाओरडा. मोटर चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागतं. त्यात बायकांच्या सूचना, "ज्वारीवर माझे गहू टाकू नकोस हां!" कॅम्पवाला यायचा तो पांढऱ्याशुभ्र इस्त्रीच्या शर्टात. माझ्या भुवयांकडे, केसांकडे बघून एकच विनोद दर वेळी करायचा, "क्या यार, अभी से बुड्ढा हो गया!" वांगणीकर दर वेळी हसायचा. मीही हसायचो. पण ते दोघं उठून रस्त्याला लागले की माझा जीव गुदमरायचा. त्या खोलीला खिडकी एकच होती आणि तिच्या जाळीवरही पीठ बसलेलं. कोंडून घातल्यासारखं व्हायचं, दुसरा शब्द नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं दळण दळायला मी रसायनशास्त्र शिकलो का, हा प्रश्न मी गिरणीच्या फिरत्या पट्ट्याला रोज विचारायचो.

नोकऱ्यांचे अर्ज तिघंही करत होतो आणि फोनच्या रकान्यात तिघंही एकच नंबर लिहीत होतो, आमच्या गिरणीचा. पुढे पी.पी. लिहायचं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, माणूस आपला. कॅम्प दोनमध्ये फोनवाले शेठ काही कमी नव्हते, पण निरोप द्यायला गल्ल्यावरून उठेल असा एकही नव्हता. "तेरे पप्पा भरोसे के आदमी हैं," असं कॅम्पवाला म्हणायचा आणि आप्पांना ते ऐकायला फार आवडायचं.

पावसाळा सरता सरता अंबरनाथच्या एका रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेसाठी दोन माणसं हवीत असं कळलं. आम्ही तिघांनी अर्ज केले. मुलाखतीला मला आणि कॅम्पवाल्याला बोलावलं. आप्पा म्हणाले, "जा, बघून ये. अनुभव येतो." मी दोनदा डोकं धुतलं, धुतलेले कपडे घातले आणि तरीही साहेबांनी माझी फाईल उघडल्याबरोबर सर्टिफिकेटांतून पिठाचा धुरळा टेबलावर उडाला. मेलो असं वाटलं. साहेब मात्र हसले. म्हणाले, "पांढऱ्या पावडरी आमच्याकडेही भरपूर आहेत." मग त्यांनी जे जे विचारलं ते मला आलं. घरी येताना मनात माझा प्रयोगशाळेतला पांढरा कोट चढवूनही झाला होता. तो पांढरा आणि अंगावरचा हा पांढरा यांत मला जमीन-अस्मानाचं अंतर दिसत होतं. निकाल फोनवर कळवू म्हणाले होते. आता मला एकच हवं होतं. त्या झबल्यातल्या फोनवर एकदा तरी माझं नाव यावं.

आठवड्याभरात दुपारी फोन वाजला. मीच घेतला. कंपनीचाच होता. कॅम्पवाल्याला सोमवारपासून या म्हणून सांगा, म्हणाले. मी हिय्या करून दुसऱ्या जागेचं विचारलं. "त्याचं साहेब आज ठरवतायत, कळवतो," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं आपण आता फोनपासून हलायचंच नाही. आप्पांनी विचारलं, "कुणाचा?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मंग हुबा का? जा, आधी निरोप दे. लोकाच्या पोराचं नुकसान नको व्हायला."

"संध्याकाळी जातो की," मी म्हणालो.

"लोकाच्या घरची आनंदाची गोष्ट दाबून ठिवू ने."

मी गेलो. कॅम्पवाल्याच्या आईने इतक्या वर्षांत सिंधी शेजारणींचा रिवाज उचललेला होता. दारात पाऊल टाकलं की आधी पाणी आणि भाजलेला पापड. मी पापड मोडता मोडता बातमी सांगितली आणि माउली तिथेच खाली बसून रडायला लागली. कॅम्पवाल्याने मला गल्लीभर मिरवलं. "हा घेऊन आला, हा!" असं तो प्रत्येक दुकानदाराला सांगत होता. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू. पण माझं अर्धं लक्ष बेलवलीत होतं.

परत आलो तेव्हा गिरणी धडधडत होती. मी ओरडून विचारलं, "माझ्यासाठी काही?" आप्पांनी डब्यातलं पीठ दाबत उत्तर दिलं, "या आवाजात कुठं काय ऐकू येतंय?"

मी त्या उत्तराने स्वतःची समजूत घातली. मग रोज कारण काढून गिरणी बंद करायचो. पट्टा सैल झालाय, मोटर तापलीय, काहीही. बायका डबे घेऊन ताटकळायच्या, मला शिव्या द्यायच्या आणि मी कान टवकारून त्या लाल झबल्याकडे बघत राहायचो. फोन वाजायचे. कुणाची मावशी, कुणाचा जावई. माझं नाव काही आलं नाही. कॅम्पवाल्याचंही रविवारचं येणं थांबलं. नवी नोकरी, दमत असेल, असं मी आणि वांगणीकर एकमेकांना सांगायचो. माझं म्हणणं असायचं की आता आपण त्याला खालचे वाटतो. वांगणीकराचं काहीच म्हणणं नसायचं.

दिवाळीनंतर एका रविवारी कॅम्पवाला आला. पोत्यावर बसला नाही, दारातच उभा राहिला. मी गिरणी बंद केली. आप्पा माल आणायला बाजारात गेले होते.

"एक विचारू?" तो म्हणाला. आवाजात नेहमीचा मसाला नव्हता. "तुला नोकरी करायचीच नव्हती, तर अर्ज कशाला केलास रे? टाइमपास?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? मला निरोप आला त्याच दिवशी तुलापण फोन केला होता. तुझ्या घरून सांगितलं, मुलगा घरचा धंदा बघतो, त्याला नोकरीची गरज नाही. लॅबमध्ये सगळे हसले. तुझ्या जागी कर्जतचा एक घेतला. साला, मला तरी बोलायचंस. मी तिथे तुझी वाट बघत होतो."

मी वळून त्या लाल झबल्याकडे बघितलं. त्याला कळलं असावं, कारण त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "तुला माहीतच नव्हतं?" त्याने विचारलं. मग तो येऊन पोत्यावर बसला. गिरणी बंद असतानाही आम्हाला बोलता आलं नाही अशी ती पहिलीच वेळ.

आप्पांना विचारायचं ठरवायला मला चार-पाच दिवस लागले. राग इतका होता की हातातले डबे आपटायचो, पण त्यांच्यासमोर उभा राहिलो की दळणाचंच काहीतरी विचारून परत फिरायचो. आमच्या घरात बापाला जाब विचारायची पद्धत नव्हती. शेवटी एका सकाळी वीज गेली. वीज गेली की आप्पा गिरणीचे दगड उघडून त्यांना टाकी मारायला बसत. छिन्नीने दगडाचे दात पुन्हा उठवायचे, नाहीतर पीठ जाड निघतं. टक टक आवाज तेवढा चालला होता. मी समोर बसलो. आता बोलायचंच, असं म्हणून तोंड उघडलं आणि फोन वाजला.

आप्पांनी हात धोतराला पुसले, झबलं वर केलं आणि अदबीने बोलले, "हां साहेब. वांगणीचा. आपलाच पोरगा हाय त्यो. उद्या धा वाजता. सांगतो, आत्ताच्या आत्ता सांगतो." फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "त्याला मुलाखतीला बोलावलंय. काढ सायकल. लोकाच्या पोराचं नुकसान नको व्हायला."

मी उठलो नाही. म्हणालो, "आणि माझा निरोप, आप्पा?"

त्यांनी छिन्नी उचलली होती, ती तशीच हातात राहिली. त्यांना सगळं समजलं, मला ते दिसलं. मी काय काय अपेक्षा केली होती! ते ओरडतील, नाकबूल करतील, निदान मान खाली घालतील. त्यांतलं त्यांनी काहीच केलं नाही. माझ्याकडे बघून, मी लहानपणी पडल्यावर बोलायचे तशा मऊ आवाजात ते म्हणाले, "आरं, निरोप लोकाच्या पोराला द्यायचा असतो. तू कुठं लोकाचा? तू तर घरचा."

आणि पुन्हा टाकी मारायला लागले. भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी मला कोंडलं होतं आणि त्यांना ती माया वाटत होती, आता कुठल्या भिंतीवर डोकं आपटायचं?

मी सायकल काढली. वांगणीचा रस्ता दुतर्फा कापलेल्या भाताचा, मोकळा. तिथून कुठेही जाता आलं असतं, पण मी वांगणीलाच गेलो. मित्र खळ्यात होता. निरोप ऐकून त्या मुखदुर्बळाने मला चक्क उचलून गोल फिरवलं. त्याच्या अंगाला भाताचा भुसा, माझ्या अंगाला पीठ. खाली ठेवल्यावर दम खात तो म्हणाला, "तू आहेस म्हणून रे. आणि तुझं काय झालं त्या रंगाच्या कंपनीचं?"

"माझं काय," मी म्हणालो, "माझं घरचंच आहे."