आपण बेटावर जायचं

पडदेवाल्या ताईंना कुणी फसवलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांच्या भावाला शिव्या घालायला लागाल, आणि तो बिचारा म्हणेल, अहो, पण मी केलं काय? खरंच, त्याने काहीच केलं नाही. एक शब्द तोंडातून काढला, एवढंच.

ताई पडद्यांच्या दुकानात होत्या. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, दुकानात येऊन कापड बेतायचं, चुण्या घालायच्या, अस्तर लावायचं. परक्या घरात शिरल्या की त्या आधी खिडकीपाशी जात. ऊन कुठून येतं, पाऊस कुठल्या बाजूने आत मारतो, समोरच्या इमारतीतून कोण डोकावतं, सगळं बघत आणि मग टेप काढत. "या खिडकीला फिका रंग नको, दोन उन्हाळ्यांत विटेल," असं बजावूनही सांगत. गिऱ्हाईक ऐको वा न ऐको. दुकानातल्या बायका त्यांना मापवाल्या ताई म्हणायच्या आणि त्यांच्या शिस्तीची टिंगलही करायच्या. पण मोठं काम आलं की कात्री ताईंच्याच हातात जायची.

लग्न राहून गेलं होतं. आधी आई आजारी, मग भावाचं शिक्षण, मग भावाचं लग्न. या सगळ्यात ताईंचं कुठे बसलंच नाही. भावाची चाळिशी उलटली, डोक्यावर विरळ झालं, तरी घरात तो अजून बाळच. बाळ, त्याची बायको, एक मुलगी, एक मुलगा आणि ताई, अशी पाच माणसं. ताईंची खोली म्हणजे जिथे शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि सगळ्यांच्या रिकाम्या बॅगा ठेवतात ती. त्यांची त्याबद्दल कधी तक्रार नव्हती. तक्रार करायची असते हेच त्यांना ठाऊक नव्हतं, असं माझं मत आहे.

एके संध्याकाळी जेवणं चालू असताना बाळ म्हणाला, "या वर्षी आपण बेटावर जायचं. जवळपासचं नाही हां, पार प्रशांत महासागरात! नकाशात ठिपकासुद्धा दिसत नाही असं बेट."

मुलं ओरडायलाच लागली. बायको म्हणाली, "अगंबाई, खरंच?" ताई पाणी ओतत होत्या. तांब्या तसाच हातात राहिला.

आता बघा, आपल्या भाषेत याला दोन शब्द आहेत. "आम्ही जाणार" म्हटलं की ऐकणाऱ्याने समजावं, आपल्याला टाटा करायचाय. आणि "आपण जायचं" म्हटलं की ऐकणाराही आत. लहान पोरालासुद्धा हा फरक कळतो. बाळ "आपण" म्हणाला, आणि ताई तिथेच, हाताच्या अंतरावर उभ्या होत्या. म्हणाला तेव्हा तो कुणाकडे बघत होता, हे तेवढं त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताई कामाला लागल्या. भाचीला शेजारी बसवून त्यांनी फोनवर ते बेट बघून घेतलं. भोवती प्रवाळाची भिंत, आत शांत पाणी, बाहेर खवळलेला समुद्र. प्रवाळ पायाला कापतं म्हणून पाण्यात रबरी बूट घालायचे. अमक्या महिन्यांत वादळं, म्हणून त्यांच्या आधी किंवा नंतर जायचं. शेजारच्या छोट्या बेटावर जायला बोट रोज नसते. वाटेत तारीख बदलते, आज निघालेला माणूस काल पोचतो, हे कळल्यावर तर त्या दोन दिवस स्वतःशीच हसत होत्या.

"आत्या, मग माझा वाढदिवस दोनदा येईल?" भाचीने विचारलं.

"तारीख साधली तर येईल की! पण केक एकदाच."

हॉटेल ठरवायची वेळ आली तेव्हा बाळने फोटो बघून एक खोली पसंत केली. ताईंनी मान हलवली. "ही पूर्वेची. वारा तिकडून येतो, म्हणजे पाऊसही तिकडूनच. दार उघडता यायचं नाही आपल्याला. पश्चिमेची घ्या." सगळ्यांनी ऐकलं. बाळ कौतुकाने म्हणाला, "ताई म्हणजे आमची ट्रॅव्हल एजन्सी!" ताई लाजल्या. त्या वाक्यातलं "आमची" त्यांना खटकलं नाही. कौतुक करताना माणूस असंच बोलतो.

गुपचूप जाऊन त्यांनी पासपोर्ट काढला. फोटोवाला म्हणाला, हसायचं नाही. त्यांना ते कठीणच गेलं. दुकानातल्या उरलेल्या तुकड्यांतून मोठ्या पानांचं एक सुती कापड मालकांना विचारून घेतलं आणि घोळदार, लांब बाह्यांचा झगा शिवला. बायकांनी त्यांना खेचून आरशापुढे उभं केलं. "ताई, पडदा नेसून निघालात हो!" "वाऱ्याने उडालात तर रिंगा लावून ठेवू!" ताई हसून हसून मशीनवर डोकं टेकून बसल्या. इतकं हसताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

मालकांकडे रजा मागायला गेल्या तर त्यांनी चष्मा काढून बघितलं. "तब्येत बरी आहे ना?" एवढ्या वर्षांत ताईंनी स्वतःसाठी रजा घेतली नव्हती. आईच्या वेळी घेतली होती, भावजयीच्या बाळंतपणांत घेतली होती. "फिरायला चाललेय," त्या म्हणाल्या. "भाऊ नेतोय." हे शेवटचे दोन शब्द त्यांनी जरा मोठ्यानेच उच्चारले. बाहेर बायकांना ऐकू जावेत म्हणून, दुसरं काय!

त्या रात्री जेवताना त्यांनी घरात सांगितलं. "माझी रजा मंजूर झाली हं. निघायच्या दिवसापासून पुढे सगळी."

"बरं केलंत ताई!" भावजय मनापासून म्हणाली. "मी म्हणणारच होते तुम्हाला. आम्ही नसताना घर बंद ठेवायचं म्हणजे माझ्या जिवाला घोर. तुम्ही असलात की बघायलाच नको."

ताईंनी घास गिळला. मग अगदी सहज, भाजी वाढता वाढता विचारलं, "खोल्या किती सांगितल्यात गं?"

"एकच. मोठी आहे ना, चौघांना पुरते."

झालं. कुणी दार आपटलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. मुलं मासे कुठल्या रंगाचे असतात यावर भांडत होती. बाळ मीठ मागत होता. ताईंनी ते दिलं. तोंडात मारल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं. आणि त्याहून वाईट म्हणजे राग धरायलाही जागा नव्हती. त्यांना टाळायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. त्यांना न्यायचं की नाही, हा प्रश्नच त्या घरात कधी कुणाला पडला नव्हता.

तुम्ही म्हणाल, मग त्यांनी सरळ विचारायचं! "मलाही न्या" म्हणायला काय जातं? अहो, तुमचं काय जातंय! ज्या बाईने जन्मात काही मागून घेतलं नाही, तिच्या जिभेला ते दोन शब्द वळतच नाहीत. ताईंनी तो झगा घडी करून रिकाम्या बॅगांच्या खाली सरकवला. बोटीचं बुकिंग राहिलं होतं. "ते तेवढं तुम्हीच बघा हं ताई, तुम्हाला सगळं पाठ आहे," भावजय म्हणाली. ताईंनी तेही केलं. चौघांचं.

दुकानात मात्र त्यांनी सांगितलं नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? शेवटच्या दिवशी बायकांनी मिळून त्यांना गवती हॅट आणली, रुंद काठाची, गळ्याखाली बांधायला नाडी असलेली. सगळ्यांनी एकेकदा स्वतःच्या डोक्यावर घालून बघितली, मग ताईंच्या डोक्यावर ठेवली. "फोटो पाठवा हं!" ताई हो म्हणाल्या. घरापासून दोन गल्ल्या अलीकडे त्यांनी हॅट काढून पिशवीत कोंबली. काठ मोडला.

निघायच्या सकाळी बॅगा ताईंनीच दारापर्यंत ओढल्या. रबरी बूट वेगळ्या पिशवीत, औषधं वरच्या कप्प्यात, भाचीचा चष्मा हातातल्या बॅगेत. गाडी खाली येऊन उभी होती. भावजय आणि मुलं आत बसली. बाळ एक पाय गाडीत टाकून थांबला.

"अगं हो, ताई! रंगाऱ्याला सांगून ठेवलंय मी. उद्यापासून येईल. तुझी रजा आहेच, तर सगळ्या खोल्या उरकून घे. आम्ही येईपर्यंत वासही जाईल."

तेव्हा मात्र ताईंच्या आत काहीतरी तुटलं. बोलायचं ठरवून त्या बोलल्या नाहीत. शब्दच बाहेर पडले.

"मी रंगासाठी रजा नव्हती घेतली, बाळ. मला यायचं होतं."

"कुठे?"

"तुमच्याबरोबर. तू म्हणालास, आपण जायचं. मला वाटलं मीही. पासपोर्ट काढलाय मी. झगा शिवलाय. सगळ्या जगाला सांगून बसलेय की भाऊ नेतोय."

आवाज फुटला होता. रस्त्यावरच्या दोघांनी वळून पाहिलं. भावजयीने काच अर्धी खाली केली आणि पुन्हा वर केली. बाळचा चेहरा खरोखरच कासावीस झाला, खोटं कशाला बोलू? तो पाय बाहेर काढून ताईंच्या जवळ आला.

"अगं, मग बोलायचं नाहीस का? आधी बोलली असतीस तर काहीतरी केलं असतं ना आपण!"

"आता बोलले," ताई म्हणाल्या. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. पदराने तोंड पुसलं नाही, नजर खाली घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं होतं आणि त्या उत्तराची वाट बघत होत्या.

बाळने घड्याळ पाहिलं. मग गाडीकडे पाहिलं. मग ताईंच्या खांद्यावर हात ठेवून थोपटल्यासारखं केलं.

"उशीर होतोय गं, ताई," तो म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला.