फाटकावरचा ढोल

‘पहिल्या वर्षी वीज गेली, तेव्हा प्रवेशद्वारापाशी स्वागतासाठी उभ्या असलेल्या धनगर ढोलवादकांना आम्ही आत बोलावले आणि अशा रीतीने लोककलेला महोत्सवाची दारे उघडून दिली.’

हर्सूलच्या बाजूला आमच्या वस्त्या मिळून दर हिवाळ्यात जो संगीत-कला महोत्सव भरवतात, त्याच्या यंदाच्या स्मरणिकेत हे वाक्य आहे. लिहिणारे समितीचे कार्याध्यक्ष, व्यवसायाने दंतवैद्य. त्यांच्या या वाक्यात वीज गेली एवढेच खरे आहे.

माझ्या वडिलांनी जन्मभर मेंढ्या राखल्या. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवले. घराण्याचे ढोलपथक आता चुलतभाऊ चालवतो, ओवी मात्र अजून मीच धरतो. चुकीची वाक्ये मी पुष्कळ तपासली आहेत आणि हेही लाल शाईने खोडून विसरलो असतो. पण याच वाक्याच्या आधारे यंदा आमच्या पथकाला मंचावरून उठवून फाटकावर नेमले आहे. पाहुणे आले की वाजवायचे, ते आत गेले की थांबायचे. निरोपात ‘परंपरेनुसार’ असा शब्द होता.

वीज गेली त्या संध्याकाळी आम्ही फाटकावर नव्हतोच. आमचा क्रम शेवटचा होता. गारठ्यात ढोलाचे कातडे सैल पडते, शेकल्याशिवाय घुमत नाही. मांडवाजवळ जाळ नको म्हणून समितीनेच आम्हाला मैदानाच्या पार वरच्या अंगाला पाठवले होते. मंच खाली, तलावाच्या बाजूला होता. पाहुण्या गायिकेचे गाणे रंगात आले आणि वीज गेली. ध्वनिक्षेपक मुका झाला, जनरेटर सुरू होईना, समितीची मंडळी टॉर्च घेऊन वायरी चाचपत राहिली. आम्हाला बोलावण्याची शुद्ध कोणालाही नव्हती. आमचे कातडे तापले होते. भावाने ढोल घुमवला, मी ओवी धरली. लोक सतरंज्या उचलून वर आले. थोड्या वेळाने गायिकाही शाल आवळत येऊन बसल्या. ज्या ‘आत’ आम्हाला बोलावले म्हणतात, तिथे तेव्हा ऐकायला कोणी उरले नव्हते.

स्मरणिका घेऊन मी भावासह डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो.

“सर, लोक शेकायला आले होते हो,” डॉक्टर हसत म्हणाले. “थंडी केवढी होती, आणि शेकोटी तुमच्याकडे.”

“शेकायला आलेला माणूस ओवीमागे पालुपदाची झील धरत नाही. तुम्ही धरली होती. बेसूर.”

भावाने माझी बाही ओढली. “आण्णा, जाऊ द्या की. फाटक तर फाटक. वाजवायला तर भेटतंय.”

“मग पुढच्या वर्षी पार्किंगमध्ये वाजव. तिथंही पाहुणे उतरतात.”

“तुम्हाला मान पायजे, आण्णा. पोरांना नुसतं वाजवायला पायजे.”

“पाहुण्यांच्या पावलावर वाजणाऱ्याला बँड म्हणतात. पोरांना ते शिकवायचं असेल तर मी मेल्यावर शिकव.”

त्याला ते पटले नव्हते. डॉक्टरांनी ते हेरले आणि आवाज मऊ केला. “आदर आहेच, सर. पण पुरावा काय? एखादा फोटो?”

त्या अंधारात आमच्याकडे फोटो काढणारे कोणी नव्हते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आमचे पथक फाटकावर उभे राहणार नाही, एवढे सांगून मी उठलो. फोटो माझ्याकडे नाही. मात्र दुसऱ्या वर्षी याच समितीने मंच तलावाच्या बाजूने हलवून मैदानाच्या वरच्या अंगाला, आम्ही वाजवले त्याच जागी बांधला, आणि आजही तो तिथेच बांधतात.