लाल बादलीचा मंगळ

ग्रह वक्री होतो म्हणजे मागे जात नाही, तसा फक्त दिसतो. विज्ञानाची शिक्षिका म्हणून हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेतही लिहीन. पण ते मला स्वतःलाच कळलेलं नव्हतं, हे माझ्या बाबांनी मला सुलतानपूरच्या वावरात दाखवून दिलं.

बाबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोन्ही वेळा त्यांनी मंगळाचं कारण सांगून ती चुकवली, त्यावरून फोनवर आमची भांडणंही झाली. तिसरी देताना डॉक्टर म्हणाले, आता उशीर केलात तर डोळा हातचा जाईल. मी रजा टाकून लोणारहून गावी गेले, तर बाबा कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसलेले.

“मंगळ वक्री हाये. शस्त्राचा ग्रह तो. सरळ झाला का जाऊ.”

माझं डोकंच फिरलं. “बाबा, तो मागं जातच नाई!”

“मंग दिसते काऊन? दिवस मावळला का मी रोज पाह्यतो. त्या दोन चांदण्यांच्या पुढं होता, आता मागं सरकला.”

“पृथ्वी त्याले ओलांडून पुढं जाते म्हणून.”

“जाऊ दे ना पुढं. त्यानं मागं काऊन दिसावं?”

इतकी वर्षं शिकवून मला एवढंही सांगता येईना, याची लाज वाटली आणि रागही आला. आई म्हणाली, “पह्यले चहा घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, तूर निघून मोकळ्या झालेल्या वावरात मी राखेनं दोन मोठे गोल आखले. मधोमध सूर्य म्हणून आईला बसवलं. ती तिथंच मेथी निवडायला लागली. आतल्या गोलावर बाबा, म्हणजे पृथ्वी. बाहेरच्या गोलावर मी मंगळ, डोक्यावर लाल बादली धरून. माझ्या गोलाच्या पलीकडं पार दूर एक निंबाचं झाड आणि एक विजेचा टॉवर होता, त्या आमच्या दोन चांदण्या. दोघांनी एकाच दिशेनं चालायचं आणि मी कशासमोर दिसते, तेवढं बाबांनी उजव्या डोळ्यानं पाहायचं.

मी तणतणतच चालायला लागले. “गेला का मागं?”

“कुठचा व! तुहा मंगळ तं सुसाट पळून राह्यला.”

आई हसून हसून वाकली. चूक माझीच होती. आतला ग्रह जोरात चालतो, बाहेरचा हळू, हेही मीच फळ्यावर लिहायची. पुन्हा सुरुवात केली. मी सावकाश, बाबा झपझप. ते माझ्या मागून आले, माझ्या बरोबरीला आले आणि ओरडले, “अवं, तू टॉवराकून निंबाकडं चालली होती, आता उलटी टॉवराकडं सरकून राह्यली! अन् पाय तं तुहे पुढंच पडून राह्यले!”

ते पुढं निघून गेल्यावर मी त्यांना परत निंबाकडं जाताना दिसले. मग आईला त्यांनीच समजावलं, “तो आपल्या वाटेनं चालते. आपण जोरात पुढं निघतो, म्हणून तो मागच्या झाडावरून उलटा सरकल्यावानी वाटते.” माझ्यापेक्षा सोपं सांगितलं. मला तर नाचावंसं वाटलं.

“झालं तं मंग,” मी म्हटलं. “परवा जाऊ दवाखान्यात.”

बाबा बांधावर बसले.

“मंगळाचं समजलं व बाई. मलेच भेव लागते. या डोळ्यानं अजून उजेड तं दिसते. तोही गेला तं?”

फोनवर मी त्यांना अडाणी म्हटलं होतं, तेही एकदा नाही. इतके दिवस मी मंगळाशीच भांडत होते, त्यांना एकदाही काही विचारलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी त्यांच्याजवळ बसले.

“मलेही लागते, बाबा.”

“तू आत येशीन का संगं?”

“आत येऊ देत नाईत. दारात बसीन.”

“दारात बस,” ते म्हणाले. “अन् पट्टी सोडतीन तवा समोर तूच राह्य.”