आक्का आणि बेचाळीस नंबर

यंत्राला स्वतः हात लावल्याशिवाय आक्का त्याचा नंबर वहीत लिहीत नसत. लातूरकडच्या आमच्या साखर कारखान्यात त्या इन्स्ट्रुमेंट विभागाच्या सुपरवायझर होत्या, मूळच्या उदगीरकडच्या. वयानं मोठे असलेले फिटरही त्यांना आक्काच म्हणत. मी कंट्रोल रूमला होतो. नवा पंप बसला की मी म्हणायचो, "आक्का, ड्रॉइंगवर नंबर आहे की! तोच टाकू." त्या म्हणायच्या, "ड्रॉइंग पुण्यात बसून काढलंय. पंप हितं हाय." आणि शिडी घेऊन निघायच्या.

कारखान्यातले वॉल्व्ह, पंपांचे ड्राइव्ह, वजनकाटे अशी बेचाळीस यंत्रं एकाच जांभळ्या केबलवर ओळीनं जोडलेली होती. प्रत्येकाच्या अंगावर एक बारकी चकती. ती फिरवून त्याचा नंबर ठरवायचा. कोणत्या नंबरवर कोण आहे, त्याच्याकडून काय ऐकायचं, त्याला काय सांगायचं, हे सगळं एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल नसेल तर ही सगळी यंत्रं चालवणारा मुख्य कंट्रोलर आंधळा.

एकदा ऐन गाळपात अवकाळी पाऊस आला आणि वीज पडली. कंट्रोलरचं नेटवर्क कार्ड जळालं, फाइल ज्यात होती तो शेजारचा संगणकही गेला. स्टोअरमध्ये नवं कार्ड होतं, पण कोरं. जपून ठेवलेली जुनी फाइल काढली, तर ती कारखाना वाढवण्याच्या आधीची निघाली; निम्मी यंत्रं तिच्यात नव्हतीच. कारखाना थांबला. यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागली. पुण्याचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, "परवा येतो."

"परवापस्तोर ऊस वाळून जाईल साहेब," आक्का मॅनेजरांना म्हणाल्या. "मी बनवते फाइल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला साडीवर खाकी कोट चढवून त्या वही घेऊन निघाल्या. दुपारी परत आल्या तेव्हा कोपरापर्यंत काजळी होती. मग लॅपटॉपसमोर बसून एकेका यंत्राची ओळ लिहायला लागल्या. मी वहीतून वाचायचो, त्या पुटपुटत टाइप करायच्या. चारच्या सुमारास फाइल कार्डात चढवली. पडद्यावर बेचाळीसच्या बेचाळीस दिवे हिरवे झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजर म्हणाले, "चला, बॉयलर पेटवा."

"थांबा साहेब. हिरवा दिवा म्हंजे घरात माणूस हाय. कोण माणूस, ते अजून कळालं न्हाई."

वॉकीटॉकी घेऊन त्या खाली गेल्या. त्या नंबर सांगणार, मी इथून बटण दाबणार. अठरापर्यंत सगळं ठीक झालं.

"एकोणीस उघड."

मी उघडला.

"एकोणीस जाग्यावरच हाय. बाजूचा हालला."

एकोणीसमधून बॉयलरला पाणी जायचं. बाजूच्या विसातून ते बॉयलरमधून बाहेर निचऱ्याला सुटायचं. दोन्ही एकाच बनावटीचे, म्हणून पडद्याला फरक कळला नव्हता. बॉयलर पेटला असता, तर पाणी वाढवतोय असं समजून आम्ही तो रिकामा केला असता. पेटलेला बॉयलर कोरडा पडला की फुटतो, आणि त्याच्यापाशी माणसं असतात.

आक्का वर आल्या. कुणी काही विचारायच्या आत मॅनेजरांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "चूक माझी हाय. वाफेच्या पाईपामागं हात पोचला न्हाई, म्हणून ह्या दोघांचे नंबर ड्रॉइंगवरून घेतले."

त्यांनी फाइल दुरुस्त केली, पुन्हा चढवली आणि तपासणी पुन्हा एकपासून सुरू केली. मी म्हणालो, "आक्का, अठरापर्यंत झालंय की!" त्या म्हणाल्या, "एका ठिकाणी चुकले, आता बाकीच्यांचा भरवसा कसा धरू?" दिवस मावळता मावळता बॉयलर पेटला.

मी बरीच हुशार माणसं पाहिली. टाळ्या वाजत असताना थांबणारं आणि स्वतःची चूक न विचारता सांगणारं दुसरं माणूस मात्र पाहिलं नाही.

गेल्या वर्षी आक्का निवृत्त झाल्या आणि लेकीकडे नांदेडला गेल्या. निरोपाच्या दिवशी, एकोणीस नंबर चुकला त्या दिवशी बॉयलरवर असलेला अटेंडंट सुट्टी असूनही आला होता, बायको आणि दोन मुलींना घेऊन. बोलणाऱ्यातला माणूस नव्हे तो. मुलींना पुढं करून एवढंच म्हणाला, "ह्या आक्का."

मुली वाकल्या. आक्का गडबडून "अगं, हे काय करायलाव तुम्ही," म्हणत मागं सरकल्या. मुलींचा बाप तोंड फिरवून धुराड्याकडे बघत उभा होता.