पोराच्या वाटचं दूध

मालकिनीनं वाटलेला कडूलिंबाचा पाला माझ्या हातावर वरनं टाकला. हाताला हात लागू दिला न्हाई. म्हनली, "छातीला लाव. तुझं पोर अंगावरून तुटलं, की सगळं दूध आमच्या बाळाला."

माझं पोर वरसाचंबी न्हवतं. आमी ठाकर बाया, दुसरं पोर हुईस्तवर पयल्याला पाजतो. चालाय लागलेलं पोर खेळता खेळता येतं, पितं, पुन्ना पळतं. त्येला कुनी तोडत न्हाई.

जर्मनच्या लढाईची सालं हुती. अकोले गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात, आमी मालकाची जमीन कसायचो. मालकीन बाळंतपनात तापानं पडली, तिचं दूध आटलं. मालक माझ्या नवऱ्याला म्हनला, "बायकोला पाठव, नाहीतर जमीन सोड." नवरा खाली बघत राहिला.

मी घरी येऊन पाला लावला. पोरानं तोंड घातलं, थुकलं, माझ्याकडं बघितलं. पुन्ना घातलं. मग तोंड फिरवून पडून राहिलं. रडलंबी न्हाई. त्येला सासूजवळ नागलीच्या पेजंवर ठेवून मी डोंगर उतरले.

गोठ्याच्या कडंला मला जागा दिली. पाजायच्या आधी दर येळंला आंघोळ, थंडीतबी. बाळ मांडीवर आनून ठेवायचे, प्यालं की उचलून न्यायचे. एकदा मी त्येच्या टाळूवरनं हात फिरवला. मालकीन म्हनली, "तुला पाजायला आणलंय. लाड करायला नाही."

माझा हात चालत न्हवता. दूध चालत हुतं.

दिवसभर कुनी बोलायचं न्हाई. मला कुनी नावानं बोलावलंच न्हाई. बाळ रडलं की मी उठायचं.

एका सकाळी सासू पोराला पाठीशी बांधून आली. पोराला हगवन लागलेली. डोळे खोल गेलेले. म्हनली, "पाज गं याला. पेज ठरंना पोटात."

मी अंगनातच बसले, लुगडं सारलं. मालकीन धावत बाहीर आली. "आत बाळ भुकेलं आहे. आधी त्याला. उरलं तर याला."

उरलं तर. माझ्या पोराला माझंच उरलेलं.

मी म्हनले, "न्हाई."

त्या घरात मी पयल्यांदाच वर बघून बोलले. पोर तोंड उघडंना. मी दूध पिळून बोटानं त्येच्या ओठाला लावत बसले. आत बाळ रडत हुतं, माझं लुगडं भिजत हुतं. त्येचा काय दोस. पन मी उठले न्हाई. उनं चढली तवा माझ्या पोरानं वढलं. ते पिऊन झाल्यावर मी त्येला घेऊन डोंगर चढले.

पोर जगलं. जमीन गेली. नवरा वरीसभर माझ्याशी बोलला न्हाई. बायाबी लांब राहायच्या, मालक त्यांच्यावर चिडंल म्हनून. पान्याला मी एकलीच जायची.

फुडं मालकाच्या घरी दुसरं बाळ झालं. वाडीतल्या एका लेकुरवाळीला सांगावा आला. तिचा नवराबी खाली बघत हुता. मी तिच्या दारात जाऊन बसले. म्हनले, "तू पोराला घे अन् आत बस. मालकाच्या मानसाला काय सांगायचं ते मी सांगते."