दाताच्या दवाखान्यातल्या बाईंची तक्रार

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते.

नामांतर आंदोलनाचे दिवस होते. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे ठाणे माझ्याकडे होते. निम्मे कर्मचारी बंदोबस्तावर असायचे. अशाच एका दुपारी दाताच्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या एक बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, नऊ वर्षांची पोरगी हाय. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आली. आधी दात तुटला, मग ओठ आतून फाटला, आज जबडा सुजलाय. बाप म्हणतोय, पडली."

"लेकरं पडतातच, बाई."

"पडताना माणूस हात टेकतंय, साहेब. तिचे तळवे मी बघितले. एक वरखडा न्हाई. अन् बाप समोर आसला की ती बोलतच न्हाई."

"डॉक्टरांना सांगितलं?"

"सांगितलं. ते म्हणले, आपण दात बघायचे."

बाप सरकारी कचेरीत कारकून, विधुर, वजनदार घरातला. बाई बौद्ध. त्या दिवसांत कुठलीही तक्रार आली की आम्ही आधी जात बघायचो. मी विचारले, "त्या घराशी तुमचं काही वाकडं आहे का?"

त्या म्हणाल्या, "माझं कशाला वाकडं आसंल? लेकराचं हाल बघवंना म्हणून आले."

लेखी आणा, असे सांगून मी त्यांना वाटेला लावले. स्टेशन डायरीत नोंदसुद्धा केली नाही.

तीन आठवड्यांच्या आत आकस्मिक मृत्यूची खबर आली. तीच मुलगी. जिन्यावरून पडली, असे बापाचे म्हणणे. पंचनाम्याला मी स्वतः गेलो आणि तिचे तळवे उलटून पाहिले. खरचटल्याची एकही खूण नव्हती. उजव्या हाताच्या बोटांना शाळेतली शाई लागली होती. शवविच्छेदनात बरगड्या पूर्वी मोडून पुन्हा जुळल्याच्या खुणा निघाल्या.

चौकशीत बाप शांत होता. खरे सांगणारा माणूस अडखळतो, आठवून स्वतःचेच बोलणे दुरुस्त करतो. हा दोन दिवस शब्द न बदलता तेच सांगत होता. मग मी दवाखान्यातले केसपेपर जप्त केले. डॉक्टरांनी बाप सांगेल ते कारण लिहून घेतले होते. पहिल्या वेळी झोक्यावरून पडली, दुसऱ्या वेळी हातपंपावर आपटली, तिसऱ्या वेळी पायरी चुकली.

"झोका कुठं बांधला होता?" मी विचारले.

"घरात."

"तुमच्या घराची झडती घेतली मी. स्लॅबला एक कडी नाही. मग झोका टांगला कुठं?"

त्याने वर छताकडे पाहिले. मग म्हणाला, "ती तिच्या आईसारखीच बघायची, साहेब. मुकाट्यानं. मला ते सहन व्हायचं न्हाई."

पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. सगळी भिस्त साक्षींवर होती. डॉक्टर पिंजऱ्यात म्हणाले, "पडल्याचंच सांगितलं होतं, मला वेगळं काही वाटलं नाही." बाई मात्र ठाम राहिल्या. बचावाच्या वकिलांनी त्यांना शिक्षण विचारले. सातवी, म्हणताच कोर्टात कोणीतरी हसले. आणखी एक प्रश्न आला, "एवढा संशय होता, तर पोलिसांकडे नोंद का नाही?" बाईंनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. दवाखान्याने बाईंना कामावरून काढले.

पुढे मी तालुक्यातल्या दवाखान्यांच्या कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावले. जखम आणि सांगितलेले कारण जुळते का ते पाहा, आईबापांना बाहेर ठेवून मुलाशी बोला, त्याचेच शब्द लिहून ठेवा, पुराव्याची वाट न बघता आमच्याकडे या, असे त्यांना सांगायचे होते. बाईंनी बोलावे म्हणून त्यांच्या घरी गेलो. त्या वाकळ शिवत होत्या.

"मी काय सांगू, साहेब? मला कळलं व्हतं. तुमाला सांगितलं बी व्हतं."

त्या आल्या नाहीत. मी एकटाच बोललो. लोकांनी माना डोलावल्या.

तपास कसा करावा हे नोकरीत पुष्कळ शिकलो. समोर उभ्या असलेल्या माणसाचे ऐकून घ्यावे, हे या प्रकरणाने शिकवले, पण फार उशिरा. बाई ठाण्यात आल्या त्या दिवशी पोरगी जिवंत होती.